जरा येऊ द्या

लाल दिवा लागला की त्या जिन्यावर शिंकसुद्धा गिळायची असते. स्टुडिओ तळघरात, दार जाड पण म्हातारं, आणि बाहेर कुणी नुसतं घसा खाकरलं तरी आतल्या माइकला ते बरोब्बर ऐकू जायचं. म्हणून दारावर दिवा, आणि दिव्याखाली पाटी – 'आवाज कराल तर याद राखा.' पाटी लिहिली होती बटणकाकांनी. काका म्हणजे तिथले रेकॉर्डिंग करणारे. तीस वर्षं बटणं दाबून दाबून त्यांचं मूळ नाव ते स्वतःसुद्धा विसरले असतील.

ती त्या दिवशी अंमळ लवकरच पोचली. दिवा लाल. शेवटच्या पायरीवर एक माणूस बसलेला – मांडीवर पिशवी, नाकावर घसरलेला चष्मा आणि हातात बिस्किटांचा पुडा. तिला बघून तो सरकला, हसला, आणि चांगुलपणाने पुडा तिच्यापुढे केला. कर्रर्र! कागद असा काही वाजला की विचारू नका. तिने झटकन ओठांवर बोट ठेवून दिव्याकडे खूण केली. बिचारा एवढा दचकला की हातातलं अख्खं बिस्कीट त्याने तोंडात कोंबलं... आणि मग त्याच्या लक्षात आलं की आता चावायचं कसं?

आत एक नट खोकल्याच्या औषधाच्या जाहिरातीसाठी खोकत होता. त्याचा खोकला काही काकांच्या पसंतीला उतरत नव्हता. 'पुन्हा', 'पुन्हा एकदा', 'छातीतून हो!' बाहेर हा फुगलेल्या गालांनी बसलेला, डोळ्यांत पाणी, आणि ती हातातल्या कागदांमागे तोंड लपवून गदागदा हसतेय. त्याने हात जोडले. मला हसवू नका, अशी खूण केली. त्यामुळे तर तिला आणखीच हसू आलं.

एकदाचा दिवा विझला.

"आता चावा," ती म्हणाली.

"काय चावू? विरघळलं." त्याने चष्मा वर केला. "तुम्हीही खोकायला आलात?"

"मी वाचायला आलेय. पुस्तक. आणि एक सांगू? त्या भाषांतरकाराला मला एकदा भेटायचंय."

"का बरं?"

"माणूस आहे की मालगाडी? डब्यामागे डबा, डब्यामागे डबा... फाटक उघडतच नाही! हे बघा, हे एक वाक्य. दीड पान. एक! मी काल घरी मोठ्यांदा वाचून बघितलं, तर आत्या पाणी घेऊन धावत आली. तिला वाटलं मला काहीतरी झालं."

"पण मूळ लेखकच तसा असेल. जुना माणूस. त्याच्या वेळी लोकांना घाई नसायची..."

"लोकांना घाई नसेल हो, पण फुप्फुसं आमच्याएवढीच असतील ना?"

त्याने मान वाकडी करून पानात डोकावलं आणि एका जागी बोट ठेवलं. "इथे घेता येईल की श्वास. स्वल्पविराम आहे."

"कुठे? हा? हा तर माशी बसल्यासारखा दिसतोय. तुम्हाला बरा दिसला!"

"दिसला नाही. ठेवलाय मी तो."

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी माणसाने काय करावं? धरणी दुभंगेल तर बरं, असं तिला झालं. पण तळघराच्या खाली धरणी कुठवर दुभंगणार! तिने निमूटपणे त्याच्या पुड्यातलं एक बिस्कीट घेतलं आणि कर्रकन चावलं. त्याचं हसू मिशीत मावेना.

* * *

तिला सगळे रेडिओ म्हणायचे. लहानपणी एकदा बोलायला लागली ती थांबलीच नाही, म्हणून आत्याने ठेवलेलं नाव, ते पुढे धंद्याचं नाव होऊन बसलं. तिचा आवाज तुम्हीसुद्धा ऐकला असेल. 'आपण रांगेत आहात. कृपया थांबा.' बँक असो, दवाखाना असो, विजेची कचेरी असो, फोन लावला की ही! आवाज गोड, शब्द स्वच्छ, आणि ऐकणारा प्रत्येक जण पलीकडे दात-ओठ खात असायचा. हजारो माणसांच्या कानात ती रोज जायची, आणि एकालाही तिचं बोलणं ऐकायचं नसायचं. ते संपायची वाट बघायची असायची. चारचौघांत ती हे हसत सांगायची. पण कधी एकटी असताना आठवलं की बरं नाही वाटायचं तिला.

म्हणून हे पुस्तक तिला हवं होतं. जीव टाकून हवं होतं. पुस्तक ऐकणारा माणूस आपण होऊन ऐकायला बसतो, वेळ काढून बसतो, शेवटपर्यंत बसतो.

पुस्तक म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या एका इंग्रज लेखकाचे निबंध – चित्रं, जुन्या इमारती, सौंदर्य आणि टीका. आतल्या पानावर त्याचा फोटो होता. दाढी पार तिसऱ्या गुंडीपर्यंत. स्टुडिओत सगळे त्याला 'दाढीवाले' म्हणायला लागले, एखादे सासरचे आजोबा असावेत तसे. दाढीवाल्यांची मतं मोठी ठाम. डोळा हा शरीरातला सगळ्यात आळशी अवयव, असं ते एका निबंधात म्हणत. आणि दुसऱ्या एका निबंधात एका साध्या दगडी भिंतीकडे ते एवढा वेळ बघत उभे राहतात की शेजारचे लोक पोलिसांना बोलावतात.

आणि भाषांतरकार? दिवसा तो कोर्टाच्या कागदांची भाषांतरं करायचा. तिथे एकदा 'सबब' म्हणून सुरुवात केली की चार पानांनंतर 'येणेप्रमाणे' येईपर्यंत पूर्णविराम देणं म्हणजे गुन्हाच. ती सवय दाढीवाल्यांनाही लागली होती. बटणकाकांनी त्याला बघताक्षणी 'पंडित' करून टाकलं.

पहिल्याच दिवशी मॅडम येऊन गेल्या. मॅडमचं ऐकण्याच्या पुस्तकांचं दुकान. छोटं, पण चोखंदळ. बाई स्पष्ट. खुर्चीतही न बसता म्हणाल्या, "पुस्तक वजनदार आहे आणि आवाज गोड आहे. गोड नि वजनदार यांचं जमतं का ते बघू. तीन निबंध करा. मग सगळे बसून ऐकू, आणि पंडित म्हणतील तसं. पुस्तक त्यांनी पोटच्या पोरासारखं वाढवलंय, निकाल त्यांचा."

"आणि नाही जमलं तर?" रेडिओने विचारलं.

"नाटकात काम करणारे एक गृहस्थ आहेत. त्यांचा आवाज घुमतो."

मॅडम गेल्या. काचेच्या अलीकडे ही, पलीकडे तो. तिने माइकमध्ये तोंड घालून म्हटलं, "म्हणजे तुम्ही आता माझे टीकाकार."

त्याने काकांच्या टेबलावरचं बटण दाबलं. ते दाबलं की पलीकडचं बोलणं तिच्या हेडफोनमध्ये यायचं, थेट कानात. "टीका म्हणजे काही नावं ठेवणं नव्हे. आपल्याकडे जुन्या ग्रंथांवर टीका लिहायचे ते समजावून सांगायला. ज्याचा जीव जडायचा, तो टीका लिहायचा."

"असं?" ती म्हणाली. "बघू हं... कोणत्या प्रकारची करताय ते."

"पंडित," काका म्हणाले, "बटण सोडा आता. झिजतंय ते."

* * *

मग कामाला लागले. ती वाचायची, धाप लागली की हात वर करायची. तो आत यायचा, वाक्याचे दोन तुकडे करायचा, चेहरा असा की जणू कुणी त्याचंच बोट कापतंय.

"अहो, नुसतं 'आणि' काढताय, किडनी नाही!"

"तुम्हाला काय जातंय बोलायला. दाढीवाल्यांनी घातलेला 'आणि' आहे तो."

"दाढीवाले उभे राहून वाचणार आहेत का? तुम्हीच वाचा बरं एकदा. उभे राहा. ताठ! हात पोटावर ठेवा... माझ्या नाही, तुमच्या पोटावर म्हणतेय मी!"

"मी कुठे तुमच्या... मी तर फक्त कागद..." तो कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. काका काचेपलीकडे टेबलाखाली काहीतरी शोधायला वाकले ते बराच वेळ वर आले नाहीत.

त्याने वाचलं. पाव पानातच धाप लागली. गुपचूप बसला, पेन काढलं, आणि त्या दिवशी त्याने इतके पूर्णविराम दिले की कोर्टात असता तर नोकरी गेली असती.

दुपारी चहा यायचा. चहासोबत वाद यायचा. एका निबंधात दाढीवाल्यांनी लिहिलं होतं – ज्याला एखादी गोष्ट आवडली नाही त्याने तिच्यावर टीका लिहू नये, आणि ज्याला ती फार आवडली त्याने तर मुळीच लिहू नये.

"मग लिहायचं कुणी? शेजाऱ्याने?" ती विचारायची.

"त्याच्यावर पुढे अकरा पानं आहेत."

"तुमचं म्हणणं सांगा ना. अकरा पानं कोण वाचतंय."

"तुम्हीच वाचणार आहात, गुरुवारी."

आणि एकदा, बशीतलं शेवटचं बिस्कीट दोघांनी एकमेकांसाठी ठेवलेलं असताना, तो म्हणाला, "ह्या पुस्तकात एक शब्द आहे. एका शब्दासाठी मी आठवडाभर नीट जेवलो नाही. एक घातला, तो जड झाला. दुसरा घातला, तो दवाखान्यातला वाटला. मग एका सकाळी दात घासताना सापडला. दोनच अक्षरं. तोंडात ब्रश घेऊन नाचलो मी."

"कुठला शब्द?"

"नाही सांगणार. तुम्ही वाचाल तेव्हा तुम्हालाच कळेल." एवढं बोलून त्याने ते बिस्कीट उचललं, अर्धं केलं आणि मोठा अर्धा तिच्याकडे सरकवला. तिच्या ते लक्षात आलं. अशा गोष्टी बाईमाणसाच्या नजरेतून सुटत नाहीत.

हळूहळू असं व्हायला लागलं की वाचता वाचता तिचे कान त्या बटणाच्या 'टक्'कडे लागलेले असायचे. टक्... "हे पुन्हा एकदा घेऊ या?" टक्... "छान." आवाज काही खास नव्हता त्याचा, थोडा खरखरीतच, पण हेडफोनमध्ये तो एवढ्या जवळून यायचा की मानेवर काटा फुलायचा. ती घरी निघाली की तो 'त्याच वाटेने जायचंय' म्हणायचा. वास्तविक त्याची वाट अगदी उलटी होती. हे तिला काकांनी सांगितलं. तरी दुसऱ्या दिवशी तिने त्याला मुकाट बरोबर येऊ दिलं.

"आजकाल घरी बोलत नाहीस," आत्या म्हणाली. "रेडिओ बिघडलाय की स्टेशन बदललंय?"

"काहीतरीच तुझं!"

"मी आपलं विचारलं," आत्या म्हणाली, आणि गालातल्या गालात हसत दिवा पुसायला लागली. आत्याचं खाली रस्त्यावर फोटोचं दुकान होतं. पासपोर्टचे फोटो, ओळखपत्रांचे फोटो. माणसांचे चेहरे बघून बघून तिला मधलं सगळं न सांगताच समजायचं.

* * *

तिसरा निबंध संपला आणि मॅडम आल्या. चौघं त्या छोट्या खोलीत दाटीने बसले. काकांनी बटण दाबलं.

खोलीत तिचा आवाज सुरू झाला. आपलाच आवाज असा परक्यासारखा ऐकणं म्हणजे शिक्षाच. ती मॅडमकडे बघायची, मॅडमच्या चेहऱ्यावर काही दिसेना. मग तिने त्याच्याकडे बघितलं. तो डोळे मिटून बसला होता. चष्मा हातात, मान किंचित कलती, आणि चेहऱ्यावर असं काही की तिने पटकन नजर वळवली. एवढं लक्ष देऊन तिचं बोलणं आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

संपलं. मॅडमनी विचारलं, "पंडित?"

तो झोपेतून उठल्यासारखा दचकला. "अं? ...उत्तम. फार उत्तम."

"चुका?"

"बोट ठेवायला जागा नाही."

"एकही नाही?"

"एकही नाही."

"मग ठरलं तर," मॅडम म्हणाल्या. "पुस्तक हिचं."

रेडिओ घरी चालत गेली की उडत, ते तिलाही सांगता आलं नसतं. काकांनी फोनवर घालून दिलेलं तिसरं रेकॉर्डिंग तिने दुकानातच आत्याला लावून दाखवलं. गिऱ्हाईक नव्हतं. आत्या कागद कापायचा सुरा बाजूला ठेवून ऐकत बसली.

निबंध तरुण आणि म्हाताऱ्या चेहऱ्यांवर होता. दाढीवाले म्हणत होते की कोवळा चेहरा कुणालाही सुंदर दिसतो, तो ओळखायला काही पारखी नजर लागत नाही. 'सौंदर्याचा निकाल एवढ्यात लावू नका,' रेडिओचा आवाज गोडव्याने म्हणाला, 'जरा येऊ द्या, मग पाहा.'

"थांब थांब," आत्या म्हणाली. "काय येऊ द्या?"

"म्हणजे?"

"जरा येऊ द्या म्हणतेस. पण काय येऊ द्यायचंय? कोण येतंय? पाहुणे?"

"अगं, म्हणजे... थोडं थांबा, जरा..." आणि बोलता बोलता रेडिओ गप्प झाली. पुढचं वाक्य सुरू झालं होतं. कपाळावरच्या रेघा, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या, पांढरे केस... ते पान दुसऱ्या दिवशी वाचलं होतं तिने. आदल्या पानाशी त्याचा धागा मनात जुळलाच नव्हता.

जरा. दोन अक्षरं. 'जाळं'मधला ज लावून म्हटलं तर थोडंसं. 'जल'मधला ज लावून म्हटलं तर म्हातारपण. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, आपल्या लिपीत त्याला वेगळी खूण नाही. फरक काय तो जिभेवर. आणि तिच्या जिभेने तिथे नेमकी माती खाल्ली होती. म्हातारपण येऊ द्या, मग पाहा – केवढं सुंदर वाक्य! तिने त्याचं 'आलेच हं दोन मिनिटांत' करून टाकलं होतं.

"आत्या," ती म्हणाली, "हाच तो शब्द. ह्याच्यासाठी तो आठवडाभर जेवला नव्हता."

"कोण जेवला नव्हता?"

तिने सगळं सांगितलं. सांगता सांगता तिचा पारा चढत गेला. "म्हणजे कळलं असणारच त्याला! स्वतःचा शब्द, एवढा जीव टाकून शोधलेला, आणि तोंड वर करून म्हणतो बोट ठेवायला जागा नाही! का? तर हिचं पुस्तक जाईल, बिचारी रडेल... दया दाखवली त्याने माझ्यावर. मला नको असली दया! खरंच ऐकलं असतं तर थांबवलं असतं त्याने मला."

"लबाड असेल," आत्या म्हणाली. "नाहीतर बहिरा."

"बहिरा नाहीये तो! आणि लबाड पण नाहीये!"

"मग तिसरंच काहीतरी असेल. तू जेवून घे."

जेवण कसलं घशाखाली उतरतंय. तिला माहीत होतं आता काय करायचं ते, आणि त्याचीच भीती वाटत होती. गप्प बसलं तर पुस्तक तिचं होतं. कुणाला कळणार होतं? पण तो शब्द त्याचा होता. ऐकणारा माणूस एकदाच ऐकणार, आणि चुकीचं ऐकून जाणार. सकाळपर्यंत तिने मनातल्या मनात त्याच्याशी दहा वेळा भांडून घेतलं, आणि उठून सरळ मॅडमच्या कचेरीत गेली.

* * *

तो तिथेच बसलेला होता. राहिलेल्या निबंधांचे कागद द्यायला आला होता म्हणे. तिला बघून त्याचा चेहरा उजळला, ते बघून तर ती आणखी संतापली.

"मॅडम, माझी चूक झालीये," तिने बसायच्या आधीच सांगून टाकलं. "तिसऱ्या निबंधात. 'जरा' शब्द मी चुकीचा वाचला. म्हातारपणाच्या ठिकाणी थोडंसं वाचलं. अख्खं वाक्य गेलं. तुम्ही हवं तर त्या नाटकातल्या गृहस्थांना बोलवा, पण हे असं लोकांपर्यंत जायला नको."

मॅडमनी हळूच चष्मा काढला. "पंडित, तुम्ही तर म्हणालात एकही चूक नाही."

"पण... नाही हो. कुठे? बरोबर वाचलंय त्यांनी."

"बरोबर?" रेडिओ उसळली. "आता पुरे! इथेही मला सांभाळून घेताय?" तिने फोन काढून टेबलावर ठेवला आणि लावला. 'जरा येऊ द्या, मग पाहा.'

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. आधी प्रश्न, मग शंका, मग रंगच उडाला. त्याने ते पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं. नाटक नव्हतं ते. एवढं नाटक करणारा माणूस भाषांतरं कशाला करत बसेल?

"अरे देवा," तो म्हणाला. "हे काल असंच होतं?"

"काल, परवा, रेकॉर्ड केलं तेव्हाही! तुम्ही काचेपलीकडे बसला होता. 'छान' म्हणालात!"

"अहो पंडित," मॅडम म्हणाल्या, "शब्द तुमचा, कान तुमचे. ऐकू कसं आलं नाही?"

"मी..." त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मी शब्द नव्हतो ऐकत."

"मग काय ऐकत होतात?"

मग त्याने मान वर केली आणि मॅडमना नाही, तिला उत्तर दिलं.

"यांना ऐकत होतो."

मॅडमनी टेबलावरचा फोन बंद केला.

"पहिल्या दिवसापासून असंच चाललंय," तो भडाभडा बोलत सुटला, एकही पूर्णविराम न देता, "म्हणजे मी कागद समोर घेऊन बसतो आणि ठरवतो की आज नीट लक्ष द्यायचं, आणि दोन ओळी झाल्या की दाढीवाले कुठे जातात ते जातात आणि आवाज तेवढा उरतो, आणि घरी गेल्यावरही तोच, आणि परवा तर मी विजेच्या कचेरीत फोन लावून नुसता रांगेत थांबलो, माझी काही तक्रारच नव्हती, त्यांनी फोन उचलला तेव्हा मी ठेवून दिला..."

"श्वास घ्या," रेडिओ म्हणाली. रात्रभर घोकलेलं सगळं भांडण कुठल्या कुठे गेलं. कुणीतरी तिचा आवाज ऐकण्यासाठी फोन लावला होता. रांगेत थांबला होता, थांबायचं म्हणून! तिला हसू येत होतं आणि डोळे भरून येत होते, आणि दोन्ही एकदम कसं आवरायचं ते कळत नव्हतं.

मॅडमनी घसा खाकरला. "हे फार छान झालं. पण याचा अर्थ कालचं मत बाद. तुमचे दाढीवालेच म्हणतात ना, ज्याला फार आवडलंय त्याने टीका करू नये म्हणून?"

"हो," तो पडेल आवाजात म्हणाला.

"म्हणजे पुस्तक अजून कुणाचंच नाही. चल मुली, स्टुडिओत. मी स्वतः ऐकते. पंडित, तुम्ही इथेच बसा आणि काही बोलू नका."

* * *

काकांनी दिवा लावला. काचेपलीकडे या वेळी मॅडम. तिने कागद हातात घेतला. तोच कागद, तीच दोन अक्षरं. तिला आत्या आठवली. दहा वर्षांनी पासपोर्ट नवा करायला आलेल्या बाईला आत्या म्हणाली होती, 'सुरकुत्या पुसू नका म्हणताय ना? मी पुसतच नाही. आत्ता कुठे तुमचा चेहरा तुमचा झालाय.' तेव्हा तिला वाटलं होतं, आत्या धंदा करतेय.

मग तिच्या डोळ्यांपुढे आणखी एक चेहरा आला. घसरलेला चष्मा, मिशीत पांढरं, कपाळावर आडव्या रेघा, समोर कागद आणि त्यावर पेन... हा माणूस साठीत कसा दिसेल? बघायला आवडेल आपल्याला, असं तिला वाटलं. आणि ते वाटलं म्हणून ती स्वतःच थोडी चपापली.

'सौंदर्याचा निकाल एवढ्यात लावू नका,' तिने वाचलं. थांबली. जीभ टाळूला नीट टेकवली. 'जरा येऊ द्या. मग पाहा.'

पलीकडे बटणकाकांनी आपल्या टकलावरून हात फिरवला. मॅडम कागदावर खुणा करत होत्या. निबंध संपेपर्यंत करत होत्या. मग टक् झालं.

"दुसऱ्या पानावर घाई केलीस," मॅडमचा आवाज कानात आला. "चौथ्या परिच्छेदात 'भव्य' म्हणताना उगाच भव्य झालीस. शेवटच्या ओळीत आवाज पडला. तेवढं उद्या पुन्हा कर."

"उद्या?"

"मग कधी? बारा निबंध राहिलेत. त्या गृहस्थांना मी कळवते, नको म्हणून."

रेडिओने हेडफोन काढले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मॅडम दारात आल्या. "आणि एक. पंडित यापुढे रेकॉर्डिंगला बसणार नाहीत. चूक ऐकू न येणारा माणूस स्टुडिओत काय कामाचा? काय असेल ते कामाच्या वेळेनंतर."

मग त्याला स्टुडिओत बोलावून घेतलं, आणि हे फर्मान त्याने कसं ऐकलं ते काका अजून रंगवून सांगतात. मॅडमपुढे मान खाली घालून 'बरोबर आहे, बरोबर आहे' म्हणत राहिला, आणि बाहेर पडताना दाराऐवजी कपाटात शिरायला निघाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती जिना चढून वर आली. रस्त्यावर कलती उन्हं होती, समोरच्या दुकानाच्या फळ्या अर्ध्या लावून झाल्या होत्या, आणि पलीकडच्या फुटपाथवर तो उभा होता. हात कुठे ठेवायचे ते कळत नसल्यासारखा. ती रस्ता ओलांडून त्याच्यासमोर जाऊन थांबली.

"आज कसं झालं ते विचारणार नाही का?" ती म्हणाली.

"मला काय कळतंय त्यातलं," तो म्हणाला. "माझं मत तर बाद झालंय."

"मग कशाला आलास?"

आलास! तिच्या तोंडून ते आपसूक निघालं, आणि निघाल्यावर दोघांनाही ऐकू आलं. इतके दिवस 'अहो, तुम्ही, वाचा, बसा' चाललं होतं. त्याने तिच्याकडे बघितलं. या वेळी मात्र त्याच्या कानांनी एक अक्षरसुद्धा सोडलं नव्हतं.

"तुला न्यायला," तो म्हणाला.